टाके हनुवटीला, मोडलं कानापुढे

पोर घसरगुंडीवरून, ओट्यावरून नाहीतर सायकलवरून तोंडावर आपटतं. हनुवटी फुटते, रक्त बघून घरात धावाधाव होते. दवाखान्यात दोन-तीन टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं आणि ‘थोडक्यात निभावलं’ म्हणत सगळे घरी येतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही मुलांचं हाड मोडलेलं असतं भलत्याच ठिकाणी, कानाच्या पुढे, आणि तिथे कुणी बोट लावून पाहिलेलं नसतं.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जो गोळा सरकतो ते खालच्या जबड्याचं टोक, कॉन्डाइल. जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो. हनुवटीवर बसलेला दणका दोन्ही बाजूंनी मागे आणि वर चढत या टोकांपर्यंत पोचतो. मोठ्या माणसात कॉन्डाइलखालची बारीक मान तिथेच मोडते, आणि हे एका अर्थी बरंच असतं. ती मोडली नसती तर गोळा कवटीच्या खोबणीचं पातळ छत फोडून मेंदूकडे घुसू शकला असता. परेडमध्ये तासन् तास उभा असलेला शिपाई भोवळ येऊन हनुवटीवर कोसळला, की हनुवटी आणि दोन्ही कॉन्डाइल एकदम मोडतात. या प्रकाराला ‘गार्ड्समन फ्रॅक्चर’ असंच नाव आहे.

लहान मुलात गोष्ट वेगळी. त्याच्या कॉन्डाइलची मान आखूड आणि जाड असते, पण वरचं डोकं, म्हणजे तो गोळा, मऊ, स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं. म्हणून मान तगते आणि डोकंच सांध्याच्या आत चेचलं जातं. सांध्यातली कूर्चेची चकती जागची हलते, मध्ये रक्त साचतं, हाडाला हाड लागतं. दुखतं म्हणून पोर तोंड उघडत नाही. साचलेल्या रक्तात हाड तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात. मोडलेल्या पायात ज्या ताकदीने हाड जुळून येतं, तीच ताकद इथे जबडा कवटीला जोडून टाकते. याला अँकायलोसिस म्हणतात.

म्हणून इथला उपचार प्लास्टरच्या नेमका उलटा आहे. हात मोडला तर तो स्थिर ठेवायचा; हा सांधा मात्र लवकरात लवकर हलवायचा. थोडे दिवस मऊ भात, खीर, आणि मग रोज तोंड उघडण्याचा व्यायाम. बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. वाढत्या वयात हे टोक स्वतःला पुन्हा घडवतं, आणि ते एक्स-रेवर बघताना मला आजही नवल वाटतं. फक्त हनुवटीला टाके पडले त्याच दिवशी पाहायला हवं: मुलाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का, उघडताना हनुवटी एका बाजूला ओढली जाते का, दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का.

हे राहून गेलं तर तोंड महिन्या-महिन्याने मिटत जातं. कॉन्डाइल इजा झालेलं असल्याने त्या बाजूचा जबडा वाढत नाही आणि हनुवटी तिकडे वळते. गंमत अशी, की आजारी बाजूचा गाल भरलेला दिसतो आणि निरोगी बाजू चपटी. बघणारा नेमकी उलटी बाजू दाखवतो. दोन्ही बाजू गेल्या तर हनुवटी मागेच राहते, जीभ घशाकडे सरकते, झोपेत श्वास अडतो. आणि याच काळात ‘दातखीळ बसली, बाहेरचं आहे’ म्हणून अंगारे आणि उतारे चालतात. माझा यावर राग आहे, कारण वाया जातात ती मुलाच्या वाढीची वर्षं.

जोडला गेलेला जबडा मोकळा करायच्या शस्त्रक्रियेतली पहिली अडचण हाडाची नसून श्वासाची. भूल देताना एरवी मान मागे झुकवून, तोंड उघडून घशात नळी घालतात. इथे तोंडच उघडत नाही. (ताज्या अपघातात, चेहरा मोडलेल्या माणसाची मानही झुकवता येत नाही, मणके शाबूत असल्याची खात्री होईपर्यंत ती मोडली आहे असंच समजायचं.) मुलाला गाढ झोपवलं आणि श्वास अडला, तर आत जायला वाट नाही. म्हणून त्याचा स्वतःचा श्वास चालू ठेवून नाकातून लवचीक दुर्बीण श्वासनलिकेत उतरवतात आणि तिच्यावरून नळी सरकवतात. 1967 साली पीटर मर्फी या भूलतज्ज्ञाने पित्तनलिका पाहायची दुर्बीण वापरून हे प्रथम केलं. तेही जमलं नाही तर गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडावी लागते.

पुढचा छेद कानासमोर. तिथून कपाळ हलवणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची फांदी जाते. गालाचं हाड ती कानाच्या भोकापुढे 8 ते 35 मिलिमीटरवर कुठेही ओलांडते, असं अल-कयात आणि ब्रॅमली यांनी 1979 साली मोजून दाखवलं. ती दुखावली तर भुवई उचलत नाही. हाडाच्या आतल्या अंगाला मोठी रोहिणी असते. या दोहोंच्या मधून जुळलेलं हाड कोरून काढायचं, फटीत कानशिलाच्या स्नायूचा पदर घालायचा, आणि वाढत्या मुलात अनेकदा बरगडीचा कूर्चेसह तुकडा बसवायचा. तो वाढेल किती, हे आधी नेमकं सांगता येत नाही. कधी जास्तच वाढतो.

आणि यानंतर आईस्क्रीमच्या लाकडी काड्या. दातांमध्ये काड्यांची चवड धरायची, दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची, दुखलं तरी, महिनोन् महिने. हे थांबलं की फटीत पुन्हा हाड भरू लागतं.