मगादान वाटेत कसे आले?

जून 2023 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्व भागातील मगादान येथे उतरवावे लागले. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील ज्या घरांतील मुले अमेरिकेत नोकरीला आहेत, त्या घरांत हा प्रश्न सहज उठू शकतो की, अमेरिकेला निघालेले विमान रशियात काय करत होते? प्रशांत महासागर मध्यभागी असलेला मर्केटर पद्धतीचा नकाशा घेऊन त्यावर ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेघ चीनवरून आणि जपानच्या दक्षिण टोकाजवळून जाते. मगादान तिच्या बरेच उत्तरेला राहते.

परंतु ही सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात सुमारे 15 हजार किलोमीटर भरते. शाळेतील पृथ्वीगोलावर याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सायबेरियाच्या उत्तरेकडील समुद्रावरून, 75 अंश उत्तर अक्षांशाच्याही थोडा वर चढून जातो आणि त्याची लांबी केवळ 12 हजार 400 किलोमीटरच्या आसपास येते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागाला जिथे छेदते, तिथे बृहद्वृत्त तयार होते आणि ताणलेला दोरा त्याच वर्तुळाचा तुकडा असतो. चोर्ला घाटातील रस्ता खरोखरच वळणावळणाचा आहे. विमानाच्या या मार्गाला मात्र डावे-उजवे वळण नाही, वाक आहे तो नकाशात.

हा वाक येतो कुठून? नकाशाकार गेरार्डस मर्केटरने 1569 मध्ये प्रसिद्ध केलेला नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्रावरील एकच दिशा धरून जाणारे जहाज त्यावर सरळ रेषेत दिसावे, ही त्याची अट होती आणि ती पुरी करण्यासाठी ध्रुवांकडील प्रदेश अधिकाधिक ताणावे लागले. बेळगावच्या अक्षांशावर, म्हणजे 16 अंशांच्या जरा खाली, हा ताण विषुववृत्ताच्या तुलनेत अवघा 4 टक्के आहे. मगादानजवळ, साधारण 60 अंशांवर, अंतरे दुप्पट दिसतात आणि 75 अंशांच्या पुढे जवळजवळ चौपट. त्यामुळे उत्तरेकडून जाणारा जवळचा मार्गच नकाशावर लांबचा वाटतो. बेळगावचे सांबरा विमानतळ ते दिल्ली या मार्गात मात्र असा वाक जाणवत नाही, कारण दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत आणि रेखावृत्ते ही बृहद्वृत्तांचीच अर्धी वर्तुळे असल्यामुळे या नकाशावर सरळच उमटतात.

मगादान या सर्वांत जवळच्या मार्गावरही नाही, ते त्याच्या दक्षिणेला आहे. उड्डाणाचा मार्ग आखताना केवळ किलोमीटर मोजले जात नाहीत. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह (उंचावरील वेगवान वारे), बंद असलेली हवाई हद्द आणि अडचणीत उतरता येतील असे विमानतळ यांचाही हिशेब केला जातो. जाताना पाठीशी येणारा वारा येताना समोरून झेलावा लागतो, म्हणूनच त्याच दोन शहरांमधील जाण्याचा आणि येण्याचा मार्ग बऱ्याचदा वेगवेगळा असतो.