चित्र आणि सर्जनशील लेखन

शब्द न वापरता, किंवा शब्दांना दुय्यम ठेवून, चित्रांतून कथा वा मनोवस्था मांडली तर तिची गणना सर्जनशील लेखनात करावी की नाही, हा साहित्यशास्त्र आणि कलामीमांसा या दोहोंच्या शिवेवरचा प्रश्न आहे. भाषेचा जुना कौल होकारार्थी दिसतो. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे किंवा कोरणे असा असून ‘लेख’ आणि चित्र या अर्थाचा ‘आलेख्य’ हे दोन्ही शब्द त्यापासूनच निघाले. ग्रीक ‘ग्राफेइन’ हे क्रियापदही लिहिणे आणि रेखाटणे अशा दोन्ही अर्थांनी चालत असे. अर्थात व्युत्पत्तीवरून फार तर नाते सिद्ध होते, हक्क नव्हे.

या हक्काविरुद्धचा सर्वांत नेमका युक्तिवाद जर्मन समीक्षक गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग यांनी ‘लाओकोऑन’ (१७६६) या ग्रंथात केला. चित्र आणि शिल्प अवकाशात शेजारी-शेजारी असलेल्या वस्तू दाखवतात, तर काव्य काळात एकामागून एक घडणाऱ्या क्रिया सांगते. म्हणून चित्रकाराने एकच क्षण निवडावा आणि तो असा निवडावा की आधीचे व नंतरचे पाहणाऱ्याला त्यातून उमगावे, असे त्यांचे म्हणणे होते. एकट्या चित्रापुरते ते आजही भक्कम आहे. भिंतीवरच्या चित्राला ‘कविता’ म्हणतात तेव्हा बहुधा त्याचा गौरव करायचा असतो, वर्गीकरण कोणाच्या मनात नसते. दोन चित्रे ठरावीक क्रमाने शेजारी आली, की मात्र ही वाटणी डळमळू लागते.

समजा, पहिल्या चौकटीत टेबलाच्या कडेला दुधाचा पेला आहे आणि त्याच्या दिशेने मांजरीने पंजा उचलला आहे. दुसऱ्या चौकटीत टेबल रिकामे असून ओल्या पावलांचे ठसे दाराकडे गेले आहेत. पेला पडताना कुठेही काढलेला नाही, तरी तो पडल्याचे वाचकाला ठाऊक असते. चौकटींची अदलाबदल केली, तर पळालेली मांजर परत आली आणि कोणीतरी तिच्यासाठी नवा पेला ठेवला, अशी निराळीच, काहीशी क्षमाशील गोष्ट तयार होते. रेषा त्याच राहतात, अर्थ क्रमाने बदलतो, आणि हा गुण वाक्याचा आहे. चित्रकथेच्या व्यवसायात दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला ‘गटर’ असे काहीसे अनाकर्षक नाव आहे. पण पेला फुटतो तो तिथेच.

चित्राची खरी अडचण नकाराशी आहे. ‘ती आली नाही’ हे तीन शब्दांचे वाक्य एका चित्रात मांडता येत नाही, कारण रिकामी खुर्ची म्हणजे फक्त रिकामी खुर्ची. तीच खुर्ची आधीच्या चार चौकटींत त्याच बाईने अडवलेली दाखवली असेल, तर पाचव्या चौकटीतली रिकामी जागा तिची अनुपस्थिती सांगू लागते. म्हणजे चित्राला नकार येतो, फक्त त्याची पूर्वतयारी करावी लागते. ‘जर’, ‘कदाचित’, ‘एरवी’ यांचे काम मात्र चित्रमालिका क्वचितच चोख करते.

शब्दविरहित कादंबरी हा या प्रश्नाचा सर्वांत ठोस पुरावा म्हणता येईल. बेल्जियन कलावंत फ्रान्स मासरेल यांची ‘मों लिव्र दर’ (१९१९) ही १६७ काष्ठचित्रांची कृती असून तिच्या १९२६च्या जर्मन आवृत्तीला थोमास मान या कादंबरीकाराने प्रस्तावना लिहिली. अमेरिकेत लिंड वॉर्ड यांची ‘गॉड्स मॅन’ १९२९मध्ये आली. शॉन टॅन यांच्या ‘द अरायव्हल’ (२००६) या स्थलांतरिताच्या कथेत तर अक्षरेही चितारलेली आहेत, पण ती कल्पित लिपीतली. परक्या शहरातल्या पाट्या नायकाला वाचता येत नाहीत आणि वाचकालाही येत नाहीत. शब्दांचा अभाव इथे कथेचाच विषय होतो, आणि हीच कथा शब्दांत सांगितली असती तर वाचकाला नायकाइतके निरक्षर करणे लेखकाला फार अवघड गेले असते.

उलट दिशेने शब्दही चित्राकडे सरकतात. संस्कृत चित्रकाव्यात श्लोकाची अक्षरे कमळाच्या किंवा तलवारीच्या आकृतीत बसवतात; काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’मध्ये चित्रकाव्याला तिसरी, म्हणजे शेवटची, प्रत दिली, ती त्यात व्यंग्यार्थ, म्हणजे शब्दांमागून सुचणारा अर्थ, स्पष्टपणे नसल्यामुळे. गीयोम आपोलिनेर यांच्या ‘कालिग्राम’ (१९१८) या संग्रहात पावसावरच्या कवितेची अक्षरे तिरक्या धारांनी पानावरून खाली ओघळतात. लॉरेन्स स्टर्न यांनी १७५९पासून खंडशः प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’त एका पात्राच्या मृत्यूनंतर संपूर्ण काळे पान येते, आणि पुढे एका विधवेचे रूप वाचकाने स्वतःच रेखाटावे म्हणून कोरे पान सोडलेले आहे. ही दोन्ही पाने कादंबरीकारानेच ‘लिहिलेली’ आहेत, याविषयी सहसा कोणी वाद घालत नाही.

साहित्यसंस्थांनी ही सीमा हळूहळू सैल केली. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकथेला १९९२मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि २०१८मध्ये निक डर्नासो यांची ‘सॅब्रिना’ ही बुकर पुरस्काराच्या दीर्घ यादीत आलेली पहिली चित्रकादंबरी ठरली. दोन्हींत शब्द आहेत, हे मात्र विसरता येत नाही. चित्रकथेत लेखक आणि चित्रकार पुष्कळदा वेगवेगळे असतात. लेखक संहितेत ‘खोली रिकामी, दिवा चालू, दार अर्धे उघडे’ असे लिहून देतो, चित्रकार ते काढतो, आणि छापील चौकटीत लेखकाचा एकही शब्द उरत नाही. तरीही मुखपृष्ठावर त्याचे नाव लेखक म्हणूनच येते.