मालगुजारी तलाव

मालगुजारी तलाव : महाराष्ट्राच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आणि नागपूर जिल्ह्याच्या काही भागांत भातशेतीच्या सिंचनासाठी बांधलेले, मातीच्या पाळीचे जुने साठवण तलाव. मालगुजारी (गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालगुजाराचा गावावरील मालकी हक्क) संपुष्टात आल्यापासून शासकीय कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘माजी मालगुजारी तलाव’ असा होतो. बोलण्यात ‘मामा तलाव’ हे संक्षिप्त रूप रूढ आहे. त्यांची एकूण संख्या निरनिराळ्या नोंदींत साधारणपणे साडेसहा ते सात हजारांच्या दरम्यान आढळते. ही तफावत बहुधा बोड्यांची (लहान तळ्यांची) गणना कशी करावी यावरून पडली असावी.

उगम : हे तलाव नक्की केव्हा बांधले गेले, हे ठरविणे अवघड आहे. मालगुजारीचे हक्क ब्रिटिश जमीनबंदोबस्तात, म्हणजे मुख्यतः १८६० च्या दशकात, पक्के झाले. परंतु बरेच तलाव त्याहून जुने आहेत, याबद्दल फारसा मतभेद नाही. चांद्याचे (आजच्या चंद्रपूरचे) गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. त्याआधीच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याखाली भिजणारी जमीन देण्याचा प्रघात पाडला, अशी परंपरा आहे. तिला समकालीन लेखी आधार तुटपुंजा असला, तरी तलावांची दाटी व वसाहतीचा क्रम पाहता ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. त्यामुळे या तलावांचा आरंभ स्थूलमानाने सोळाव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान मानणे सुरक्षित ठरेल.

तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांच्या पूर्वजांना बरोबर घेऊन आला, अशी या समाजातील आख्यायिका ब्रिटिश अधिकारी आर. व्ही. रसेल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात नोंदविली आहे. उत्तर भारतातील कोइरी या बागायतदार जातीच्या नावाशी असलेले साम्यही त्यांनी दाखविले आहे. मात्र कोहळ्यांची भाषा, चालीरीती व कुळनावे पूर्णतः मराठी वळणाची असून ती कुणब्यांशी जुळतात, हेही तेच सांगतात. केवळ नामसाम्यावर उभा असलेला उत्तरेकडील उगमाचा पक्ष त्यामुळे दुबळा पडतो. उसाच्या लागवडीतील कोहळ्यांचे कौशल्य त्या पक्षास पूरक वाटते खरे, पण तेवढ्याने स्थलांतर सिद्ध होत नाही. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे सांगतात. पुढे त्यास दैवत्व प्राप्त होऊन कोलासूर या नावाने त्याची पूजा होऊ लागली. दिवसभराचे काम संपवून मजूर परतले, की भोवतालच्या टेकड्यांवरील सात बहिणी रात्री पाळीचे काम पुढे नेत, अशीही कथा आहे.

रचना व उपयोग : दोन उंचवट्यांमधील सखल भागात मातीची पाळ घालून ओढ्याचे किंवा उतारावरून वाहणारे पाणी अडविले जाते. पाळीतून पाणी सोडण्याच्या तोंडाला तुडूम म्हणतात. जादा पाणी बाजूच्या सांडव्यातून निघते आणि पुष्कळ ठिकाणी खालच्या तलावात जाते. अशा साखळीत वरचा तलाव फुटला, तर खालच्यांवरही ताण येतो. या प्रदेशात पाऊस मुबलक पडत असला, तरी तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. भाताची लोंबी भरण्याच्या सुमारास पाऊस ओढ देतो, तेव्हा बांध्यांना (भाताच्या बांध घातलेल्या वाफ्यांना) मिळालेले एखादे पाणीही पीक वाचविते, आणि तलावांचे खरे प्रयोजन तेच होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर सरकारने रामटेक, असोलामेंढा, घोडाझरी असे मोठे तलाव बांधले, पण गावोगावच्या लहान तलावांची जागा त्यांनी घेतली नाही.

मालकी व ऱ्हास : मध्य प्रांतातील मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा १९५१ मध्ये अंमलात येऊन तलाव शासनाकडे गेले. तोपर्यंत दुरुस्तीची जबाबदारी मालगुजाराची असे. ती अनेकदा गावकऱ्यांच्या श्रमावर भागविली जाई, हे मालगुजारीचा गौरव करताना विसरले जाते. हस्तांतरानंतर पाणीपट्टीचा प्रश्न निर्माण झाला. निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या गावाच्या सामाईक हक्कांच्या व वहिवाटीच्या जुन्या दप्तरांत नोंदलेल्या हक्कांच्या आधारे शेतकऱ्यांनी विनामूल्य पाण्याचा दावा केला. ज्यांच्याकडून पट्टी वसूल होत नाही, त्या तलावांवर खर्च का करावा, असा प्रशासनाचा प्रश्न होता. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी विभागणी झाल्याने एकाच साखळीतील तलावांची देखभाल वेगवेगळ्या हातांत गेली. ऱ्हासाचे कारण म्हणून गाळाचा उल्लेख नेहमी होतो, परंतु गाळ पूर्वीही साचत असे. तो काढणारी व्यवस्था मोडली, हे कारण अधिक मूलगामी दिसते. बुडीत क्षेत्रातील अतिक्रमणाने साठवण आणखी घटली. राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार योजनेत काही तलावांतील गाळ काढण्यात आला.

जैवविविधता व मासेमारी : बेशरम या परकीय झुडपाच्या फैलावाने व स्थानिक पाणवनस्पती नाहीशा झाल्याने देशी माशांची वीण घटली, असे निरीक्षण आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने गोंदिया जिल्ह्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजासह अशा वनस्पतींची पुनर्लागवड केली आहे. मासेमारीचे हक्क सामान्यतः सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. भातासाठी तलाव रिकामा करावा असे शेतकऱ्यास वाटते, मासळीसाठी उन्हाळ्यापर्यंत पाणी राखावे असे ढिवरास, तर गाळपेर (पाणी ओसरलेल्या तळाच्या गाळात पेरणी) करणाऱ्यास तळ लवकर उघडा पडायला हवा असतो. पाणी कोणत्या पातळीपर्यंत उपसावे यावरून या तिघांत वाद होतात.