स्कॉलरशिप: चौथीतून पाचवीत आणि पुन्हा चौथीत

शिष्यवृत्ती परीक्षा परत चौथी आणि सातवीला आणण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. बाहेरच्या माणसाला हा नुसता इयत्तेचा हिशेब वाटेल. पण महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतली हुशार मुले हेरायची सरकारी सोय म्हणजे मुख्यतः हीच परीक्षा, आणि ती कोणत्या वर्गात घ्यायची यावर ती कोणापर्यंत पोचणार हे ठरते.

परीक्षा सुरू झाली 1954-55 मध्ये. गावोगावच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच होत्या. त्यामुळे स्कॉलरशिप ही त्या शाळेची शेवटची आणि सगळ्यात मानाची परीक्षा. शाळा सुटल्यावर जादा तास, सुट्टीत सराव आणि निकाल लागला की फळ्यावर नावे. जिल्हा यादीत मूल आले की गुरुजींचे नाव तालुकाभर होई. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता असे तीन पेपर, एकूण 300 गुण. यातला बुद्धिमत्तेचा पेपर पाठ्यपुस्तकाबाहेरचा: रांगेत अजय पुढून बारावा, मागून पाचवा, तर मुले किती? घाईत सतरा लिहिणारी मुले दरवर्षी निघतात. अजय दोनदा मोजला जातो, उत्तर सोळा.

अशा चाचण्यांची मराठीतली वाट त्याहून जुनी आहे. फ्रान्समध्ये 1905 मध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमत्तेची चाचणी तयार केली ती वर्गात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वीच तिची मराठी आणि कानडी रूपे तयार केली. मागे पडणाऱ्यांसाठी निघालेले माप पुढे सगळीकडेच हुशार मुले निवडायला वापरले जाऊ लागले.

निवडलेल्यांना वेगळे शिकवायचे काय, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी हाती घेतला. मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना, साठच्या दशकात, ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी निवासी शासकीय विद्यानिकेतने निघाली. त्याच दशकात, 1962 मध्ये, पुण्यात अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. 1969 पासून तिची पाचवीपासूनची प्रशाला आहे. तिथे चाचणी हे नुसते दार आहे. आत गेल्यावर प्रकल्प आणि अभ्यासदौरे यांवर भर. माझ्या मते राज्यातला खरा प्रयोग हाच. पण एका शहरातल्या एका शाळेत किती मुले मावणार? केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयांची पहिली जोडी 1985-86 मध्ये उघडली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीत. त्यांची प्रवेश परीक्षा मूल पाचवीत असताना होते आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात.

स्कॉलरशिपच्या वाट्याला असे काही आले नाही. पास झालेले मूल परत आपल्याच वर्गात बसते, आणि रक्कम तर कित्येक वर्षे नाममात्रच राहिली.

मग आला 2009 चा शिक्षण हक्क कायदा. त्याने प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी आणि उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी असे टप्पे पाडले. त्याला धरून 2016-17 पासून परीक्षा पाचवी-आठवीला गेली. आता दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न आणि 150 गुण. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. कागदावर सगळे नीट जुळले. गावात मात्र पाचवीचा वर्ग बहुतेक ठिकाणी हायस्कूलमध्ये होता. जिल्हा परिषदेच्या ज्या गुरुजींनी चार वर्षे मूल घडवले, त्यांच्या हातून ते परीक्षेच्या आधीच निघून जायचे. हायस्कूलच्या मास्तरांना पाचवी नवी आणि डोक्यावर दहावीचा निकाल. जादा तास घ्यायचे कोणी? परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घटली, आणि शिक्षक संघटना जुन्या इयत्ता परत मागू लागल्या.

2025 च्या निर्णयामागे हेच आहे. बदलाचे वर्ष म्हणून 2025-26 या एकाच वर्षात चौथी-सातवी आणि पाचवी-आठवी अशा दोन्ही गटांच्या परीक्षा ठरल्या.