आधी ऑडिट, मग मशीन: लहान केमिकल कारखान्यांसाठी ऊर्जाबचतीच्या व्याजसवलतीचा अर्ज

कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अलीकडे गेलो होतो. शेडबाहेर नवा कोरा बॉयलर उभा होता. मालकांचा पहिलाच प्रश्न, "यावर सबसिडी किती बसेल?" जुना बॉयलर कुठाय विचारलं, तर तो महिन्यापूर्वीच भंगारात गेलेला. त्याला टनभर वाफेला किती कोळसा लागायचा, हे मोजायला आता काही उरलंच नव्हतं. व्याजसवलतीची सगळी मदार जुन्या आणि नव्याच्या फरकावर असते. तो फरकच पुसला गेला होता.

म्हणून अर्जाचा क्रम आधी समजून घ्या.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे बीईईची, एडीईईटीआयई ही योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. एकूण तरतूद १००० कोटी रुपयांची आणि मुदत २०२७-२८ या आर्थिक वर्षापर्यंत. त्यातले ८७५ कोटी व्याजसवलतीसाठी आहेत, ५० कोटी ऑडिटसाठी आणि ७५ कोटी अंमलबजावणीच्या मदतीसाठी. ही रोख सबसिडी नव्हे. बँकेकडून घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सूट मिळते. ८० लाखांचं कर्ज शिल्लक असलेल्या लघु उद्योगाचे वर्षाला साधारण ४ लाख वाचतात, आणि मुद्दल फिटत जाईल तसा हा आकडाही उतरतो. नवी मशीन फुकट मिळेल या आशेवर असाल तर ती आत्ताच सोडा.

पात्रता

योजनेत १४ क्षेत्रं आहेत. रसायनं त्यात आहेत, औषधनिर्मिती वेगळी धरली आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, हवीच. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या मर्यादा अशा: गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. दोन्हीपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी वरच्या वर्गात जाता, आणि लघुचे मध्यम झालात की सवलतीतले २ टक्के गेले.

प्रकल्पातून किमान १० टक्के ऊर्जाबचत दिसली पाहिजे. शिवाय योजना औद्योगिक समूहांनुसार टप्प्याटप्प्याने राबवली जाते, पहिल्या टप्प्यात ६० आणि पुढच्या टप्प्यात १०० समूह. आपला समूह यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर आधी पाहा. पुणेकरांची एक सोय आहे: राज्याची नियुक्त संस्था महाऊर्जा हिचं मुख्यालय औंधलाच आहे. फोनवर फोन करत बसण्यापेक्षा एक चक्कर मारलेली बरी.

कागदपत्रं

नेहमीची मंडळी तुम्हाला ठाऊक आहेतच: उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, तीन वर्षांचे ताळेबंद, फॅक्टरी लायसन्स, बॉयलरचं चालू प्रमाणपत्र, नव्या यंत्राची कोटेशन्स. त्याशिवाय महावितरणची किमान १२ महिन्यांची बिलं, कोळसा, ब्रिकेट किंवा फर्नेस ऑइलच्या खरेदीच्या पावत्या आणि महिन्यावार उत्पादनाची नोंद एकत्र काढून ठेवा.

घोडं अडतं ते कागद नसल्यानं नाही, कागद एकमेकांशी जुळत नसल्यानं. प्लॉट हस्तांतर होऊन दहा वर्षं झाली, तरी वीजबिल आधीच्या मालकाच्या नावानं येत असतं. दर महिन्याला भरलं जातं, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. बँकेचं मात्र पहिल्याच दिवशी जातं. दुसरं, उद्यम प्रमाणपत्रावरचा एनआयसी कोड, म्हणजे तुमचा धंदा कोणता ते सांगणारा सरकारी क्रमांक. रसायननिर्मितीचा कोड २० ने सुरू होतो. कुणा एजंटानं घाईत ४६ ने सुरू होणारा टाकला असेल तर कागदावर तुम्ही घाऊक व्यापारी आहात. दुरुस्ती ऑनलाइन आणि फुकट होते.

तिसरी विसंगती जास्त नाजूक. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात महिन्याला ४० टन लिहिलेत आणि उत्पादनाच्या नोंदीत ५५ टन दिसतात, असं व्हायला नको. ऑडिटमध्ये खरा आकडा येणारच. आधी संमतीपत्र सुधारून घ्या. कोळशावरून गॅसवर जाणार असाल किंवा बॉयलरची क्षमता बदलणार असाल, तर तशीही सुधारित संमती लागतेच.

अर्जाचा क्रम

उद्यम क्रमांकानं पोर्टलवर नोंदणी, मग गुंतवणुकीच्या दर्जाचं ऊर्जा ऑडिट (खर्च आणि बचत दोन्हींचा हिशेब मांडणारं), त्यावरून सविस्तर प्रकल्प अहवाल, मग बँकेचा कर्जप्रस्ताव, मंजुरी, यंत्र बसवणं आणि शेवटी बचतीची प्रत्यक्ष मोजणी. खरेदीची ऑर्डर प्रकल्प अहवालाच्या आधी देऊ नका.

ऑडिटरसोबत प्लांटमध्ये स्वतः फिरा. रिॲक्टरच्या जॅकेटमधून निघणारं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, वाफाळत गटारात जाताना मी अनेक ठिकाणी पाहिलंय. बॉयलरला जाणारं पाणी दर ६ अंशांनी गरम केलं की साधारण १ टक्का इंधन वाचतं. ३० अंशांचं पाणी कंडेन्सेट परत आणून ६० वर नेलं, तर ५ टक्के तिथेच आले. चिमणीतल्या धुराचं तापमान २२ अंशांनी उतरवलं की आणखी एक. कूलिंग वॉटरचा पंप अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हवर चालत असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावा; वेग ८० टक्क्यांवर आला की वीज जवळपास निम्मी लागते.

केमिकलवाल्यांची खरी डोकेदुखी म्हणजे एकाच रिॲक्टरमध्ये या महिन्यात एक प्रॉडक्ट, पुढच्या महिन्यात दुसरं. नुसती बिलं लावली तर बचत झाली की कामच कमी झालं, हे कळत नाही. बॅच शीटवर किलोमागे किती वाफ आणि किती युनिट लागली, हे प्रॉडक्टनिहाय लिहायला लागा. वाफेचा मीटर नसेल तर ऑडिटच्या आधी बसवा. तीन महिन्यांची अशी नोंद हाती असली की अहवालातल्या १० टक्क्यांवर बँकेचा माणूस फार वाद घालत नाही.

यंत्र सुरू झाल्यावर मोजणी याच पायाभूत आकड्यांशी लावली जाते. त्यामुळे जुनं बॉयलर लॉगबुक रद्दीत देऊ नका. ते फाइलला लावून ठेवा, डाग पडलेलं असलं तरी चालेल.