पावसाळ्याआधी बॅकअप एकदा उघडून बघा
छोटी ऑफिसं, दुकानं आणि दवाखान्यांसाठी माहितीपत्रक

मुंबईतल्या बहुतेक छोट्या ऑफिसांत एखादा कॉम्प्युटर ‘सर्व्हर’ म्हणून कोपऱ्यात दिवसरात्र चालू असतो. टॅलीचा डेटा, जीएसटीची कागदपत्रं, पेशंटचे रिपोर्ट, सगळं त्याच्यावरच. बॅकअप आहे का, असं विचारलं की ‘रोज होतो’ हे उत्तर लगेच मिळतं. तो शेवटचा कधी उघडून बघितला, हे मात्र सहसा कोणालाच सांगता येत नाही. तुमचे कॉम्प्युटर सांभाळणारे म्हणून आम्ही हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

आधी कशाला बॅकअप म्हणू नये ते सांगतो. सर्व्हरमध्ये एकसारख्या दोन डिस्क बसवल्या (रेड) तर एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहतं. पण चुकून डिलीट केलेली फाईल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते. गुगल ड्राइव्हच्या सिंकचंही तेच. इथे उडवलेलं तिथेही उडतं, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं आणि मग कायमचं जातं. सर्व्हरला कायम लावून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क तर रॅन्समवेअरला (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आणखी एक ड्राइव्ह म्हणूनच दिसते आणि तीही लॉक होते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस लॅनवरून (ऑफिसातले कॉम्प्युटर जोडणारं नेटवर्क) आपोआप एका मशीनमधून दुसऱ्यात पसरत गेला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच आला होता. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. त्यामुळे अपडेट लांबणीवर टाकू नका. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आहेत, हेही लक्षात असू द्या.

आम्ही सुचवतो ती पद्धत साधी आहे. एक्स्टर्नल डिस्क दोन घ्या आणि त्यांच्यावर मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. एक ऑफिसात, दुसरी मालकांच्या घरी. दर शुक्रवारी संध्याकाळी अदलाबदल. ऑफिसातली डिस्कही बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवायची. डिस्क लोकलने जाणार असेल तर बिटलॉकर (डिस्कला पासवर्डचं कुलूप लावणारी विंडोजची सोय) लावल्याशिवाय बाहेर काढू नका. त्यासाठी सर्व्हरवर विंडोज प्रो लागतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर छापून घरी ठेवा. ती त्याच सर्व्हरवर सेव्ह केलेली असेल तर अडचणीच्या दिवशी काहीच उपयोग नाही.

तिसरी प्रत क्लाउडवर. इथे नेटचा अपलोड स्पीड बघा, डाउनलोडचा नव्हे. २०० जीबी डेटा २० एमबीपीएसने वर चढवायला सरळ हिशेबाने २२ तास लागतात, प्रत्यक्षात थोडे जास्तच. म्हणून पहिली प्रत शनिवारी रात्री लावा. नंतर रोज फक्त बदललेल्या फाईली जातात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर लागतो. क्लाउडवाल्याकडून हे लेखी घ्या.

बॅकअप गुपचूप बंद पडण्याची कारणं ठरलेली असतात. ज्या युजरच्या नावाने रात्रीचा टास्क चालतो त्याचा पासवर्ड कोणीतरी बदलतं. टास्कमध्ये जुनाच राहतो आणि त्या रात्रीपासून काहीच होत नाही. किंवा डिस्क दुसऱ्या पोर्टला लावल्यावर तिचं ड्राइव्हचं अक्षर बदलतं, ई ची एफ होते, आणि बॅकअपला ती सापडत नाही. म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘अ’ आणि ‘ब’ दोघींना एक्स हेच अक्षर देऊन टाका. दवाखान्याचं सॉफ्टवेअर एसक्यूएल डेटाबेसवर (सगळ्या नोंदी एकत्र साठवणारी यंत्रणा) चालत असेल तर चालू डेटाबेसची फाईल साध्या कॉपीने येत नाही. काही प्रोग्रॅम ती वगळतात आणि शेवटी ‘पूर्ण झाले’ असंच दाखवतात. तिथे सॉफ्टवेअरच्या आतूनच बॅकअप घ्यायचा. रोज सकाळी एवढंच बघा: कालची तारीख आहे ना, आणि फाईलचा आकार परवाच्या जवळपास आहे ना. एकदम काही केबीवर आला असेल तर त्याच दिवशी कळवा.

आता मुख्य काम. टॅलीप्राइममध्ये सगळ्यांना बाहेर पडायला सांगा, ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवा, रिकामा फोल्डर करून त्यात रिस्टोअर करा. चालू डेटाच्या फोल्डरवर कधीच नाही, कारण तिथे त्याच कंपनीचा आजचा डेटा पुसून जुना बसतो. कंपनी उघडली म्हणजे झालं असं समजू नका. शेवटच्या व्हाउचरची तारीख बघा, ट्रायल बॅलन्स मूळ आकड्याशी ताडून बघा, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. तीन महिन्यांतून एकदा हे करायचं, आणि एकदा तरी मेच्या शेवटी.

पावसाबद्दल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तळमजल्यावरच्या गाळ्यात सर्व्हर किमान तीन फूट उंच ठेवा. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्डही वर घ्या, नेमके तेच जमिनीवर राहतात. पाणी शिरलेलं मशीन वरून सुकलं तरी चालू करू नका. डेटा जाण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त असते.

छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ एएचची एक बॅटरी असते. सर्व्हर आणि राउटरला ती १०-१५ मिनिटं पुरते, म्हणजे नीट शटडाऊन करण्यापुरती. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबईची वीज कित्येक तास गेली होती, तेव्हा अशा बॅटरीवर काम चालवता येत नाही. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून आपोआप शटडाऊनचं सेटिंग करून घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. आतला हीटर गरम होताना एवढा करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलायची. जेवणाच्या सुट्टीत, सगळं सेव्ह करून, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि घड्याळ लावा, म्हणजे ती कितपत शिल्लक आहे ते कळतं.

फाईलींची नावं अचानक बदललेली दिसली, पैसे मागणारी चिठ्ठी आली, तर त्या मशीनची लॅन केबल काढा आणि वाय-फाय बंद करा. रीस्टार्ट करू नका. ‘बघू तरी’ म्हणून बॅकअपची डिस्क अजिबात लावू नका, उरलेली प्रतही तिथेच जाते. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा आणि लगेच आम्हाला फोन करा. सर्ट-इन ही सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना तिला ६ तासांच्या आत कळवावी लागते. ते पत्र तयार करायला आम्ही मदत करू, पण पहिल्यांदा कोणाला, किती वाजता काय दिसलं, हे त्याच वेळी कागदावर लिहून ठेवा.