दुर्बीण की रोबोट? आधी एमआरआय नीट हवा

गुदाशयाच्या कर्करोगासाठी भेट ठरवताना बहुतेक कुटुंबं पहिला प्रश्न हाच विचारतात: शस्त्रक्रिया दुर्बिणीने करायची की रोबोटने? फोनवर आम्ही याचं उत्तर देत नाही. त्यामुळे काहींना वाटतं की आम्ही हात राखून बोलतो. पण गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे, किती खोल गेली आहे आणि भोवतीच्या चरबीच्या आवरणापासून किती मिलिमीटर लांब आहे, हे कळण्याआधी कोणतंही उत्तर अंदाजानेच द्यावं लागेल, आणि अशा आजारात अंदाजावर आम्ही बोलत नाही.

वेळ कुठे जातो

फाईलमध्ये कोलोनोस्कोपी, बायॉप्सी आणि सीटी स्कॅन असतात. बऱ्याचदा पेट स्कॅनही केलेला असतो. छाती आणि यकृत पाहायला सीटी हवाच, पण गुदाशयाच्या भिंतीचे थर त्यात वेगळे दिसत नाहीत. पेट स्कॅन मोठी तपासणी असली तरी ती एमआरआयची जागा घेत नाही.

एमआरआय असला तरी तो पुष्कळदा ओटीपोटाचा सर्वसाधारण असतो. रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलेलं असतं: ‘गुदाशयाची भिंत जाड झाली आहे, काही लिम्फ ग्रंथी दिसतात.’ यावरून शस्त्रक्रिया ठरवता येत नाही. मग तपासणी पुन्हा करावी लागते आणि पहिली भेट वाया जाते.

सेंटरवर ‘गुदाशयाच्या कर्करोगाचा एमआरआय’ असं स्पष्ट सांगा. त्यात टी-टू पद्धतीची, ३ मिमी किंवा त्याहून पातळ कापांची चित्रं लागतात, आणि काप गाठीच्या अक्षाला काटकोनात घेतलेले असावे लागतात. ही शेवटची अट सगळ्यात जास्त चुकते. गुदाशय सरळ नळीसारखा नसतो, माकडहाडाच्या बाकाबरोबर तोही वळतो. काप तिरपा गेला की भिंत आहे त्याहून जाड दिसते आणि गाठ चरबीत शिरल्याचा भास होतो. मग टप्पा वरचा ठरतो आणि ज्याला शेक (रेडिएशन) लागला नसता त्यालाही तो सांगितला जातो. टप्पा ठरवण्यासाठी या तपासणीत शिरेतलं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन सहसा लागत नाही.

रिपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. गुदद्वाराच्या कडेपासून गाठीच्या खालच्या टोकाचं अंतर, चरबीत किती मिलिमीटर शिरकाव आहे, मेसोरेक्टल आवरणापासून (भोवतीच्या चरबीच्या आवरणापासून) गाठ किती लांब आहे, भिंतीबाहेरच्या शिरांत ती शिरली आहे का, आणि ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीजवळ ग्रंथी आहेत का, एवढं त्यात असायलाच हवं. आवरणापासूनचं अंतर १ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर कापायची कड धोक्यात आहे असं आम्ही धरतो, आणि तेव्हा बहुधा शेक व किमो आधी, शस्त्रक्रिया नंतर.

सीडी आणायला विसरू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून मिलिमीटर मोजता येत नाहीत.

शेक आणि किमो झालेल्यांना नवा एमआरआय लागतो. शेक संपल्यावर गाठ आक्रसायला वेळ लागतो, म्हणून साधारण ८ ते १२ आठवड्यांनी तो करतात. घाईने दोन आठवड्यांत केला तर सूजच जास्त दिसते. उपचारापूर्वीची सीडीही सोबत हवी, कारण उरलेली गाठ कोणती आणि नुसता व्रण कोणता हे दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावरच कळतं.

पर्यायांकडे आम्ही कसं पाहतो

पोटातून केलेल्या शस्त्रक्रियेत मार्ग कोणताही असो, आतलं काम एकच असतं. १९८२ साली इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी मांडलेली ही पद्धत टीएमई नावाने ओळखली जाते: गुदाशय आणि भोवतीची चरबी, तिचं आवरण न फाडता, अखंड बाहेर काढायची. काढलेला भाग टेबलावर ठेवला की पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत दिसायला हवा. त्यात खोल खाच पडून आतला स्नायू दिसू लागला तर काम उणं झालं. पॅथॉलॉजिस्ट त्यावर शाई लावतात, काप घेतात आणि गाठीपासून शाईपर्यंतचं अंतर मोजतात. पोटावरची भोकं किती लहान होती, यापेक्षा आजाराच्या दृष्टीने या मोजमापाला कितीतरी जास्त महत्त्व आहे.

दुर्बिणीची पद्धत पूर्ण विश्वासार्ह आहे. १,०४४ रुग्णांवरच्या ‘कलर टू’ चाचणीत तीन वर्षांत त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण दुर्बिणीत आणि उघड्या (पोट उघडून केलेल्या) शस्त्रक्रियेत सारखंच, ५ टक्के होतं. त्याच सुमाराच्या दुसऱ्या दोन चाचण्यांना मात्र, काढलेल्या भागाचा दर्जा उघड्या शस्त्रक्रियेइतकाच राहतो, हे सिद्ध करता आलं नाही. म्हणून करणाऱ्याचा हात पाहायचा.

रोबोटचा खरा उपयोग अरुंद, खोल ओटीपोटात होतो. पुरुष, वजन जास्त आणि गाठ खाली, अशा वेळी मनगटासारखी वळणारी उपकरणं कामी येतात. २०१७ च्या ‘रोलार’ चाचणीत मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ आणि दुर्बिणीत १२.२ टक्के होतं, पण हा फरक ठोस ठरला नाही. नंतर चीनमधल्या ‘रिअल’ चाचणीत, मधल्या आणि खालच्या गाठींसाठी, तीन वर्षांत त्याच भागात आजार परतण्याचं प्रमाण रोबोटमध्ये १.६ आणि दुर्बिणीत ४ टक्के आलं. तिथले सर्जन दोन्हींत मुरलेले होते, हे विसरू नये. आमचं मत असं: गाठ गुदद्वारापासून १० सेंमीच्या वर असेल तर दुर्बीण पुरते, खाली आणि जागा अरुंद असेल तर रोबोटचा विचार करावा. आमच्याकडे दोन्हींची सोय आहे, त्यामुळे तुम्हाला एका यंत्राकडे वळवण्याचं आम्हाला कारण नाही.

गुदद्वारातून, खालून वर जाणारी ‘टा-टीएमई’ आम्ही सरसकट करत नाही. नॉर्वेत आजार लवकर आणि अनेक ठिकाणी परतल्याचं दिसल्यावर ती थांबवली गेली.

गुदद्वारातून फक्त गाठ काढणं, म्हणजे ‘टॅमिस’, ऐकायला सगळ्यांनाच आवडतं. पण ते अगदी सुरुवातीच्या गाठींसाठी आहे: साधारण ३ सेंमीपेक्षा लहान, घेराच्या ३० टक्क्यांहून कमी आणि ग्रंथी स्वच्छ. काढल्यावर गाठ खोल गेलेली किंवा रक्तवाहिनीत शिरलेली निघाली तर मोठी शस्त्रक्रिया सुचवावी लागते, हे आधीच मनात ठेवा. संशयास्पद पॉलिप तुकड्यातुकड्यांनी काढून घेऊ नका. त्यानंतर खोली कुणालाच मोजता येत नाही.

दोन गोष्टी ज्यावरून वाद होतात

संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास उघडी शस्त्रक्रिया’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून लोक बिचकतात. रक्तस्राव झाला किंवा आवरण न फाडता सोडवत जाण्याची पातळी सुटू लागली, तर पोट उघडणं हाच शहाणपणा असतो, आणि तो निर्णय आम्ही आधीच मोकळा ठेवतो.

दुसरी गोष्ट पिशवीची. आतड्याचा जोड खूप खाली असेल तर तो भरून येईपर्यंत पोटावर मलाची तात्पुरती पिशवी लागते. ती बहुधा दोन-तीन महिन्यांत बंद करतात, पुढे किमो असेल तर उशिरा. गाठ मल धरून ठेवणाऱ्या स्नायूत शिरली असेल तर कायमची पिशवी लागते, आणि रोबोटने त्यात फरक पडत नाही. आज मल रोखता येतो का, कपड्यांना डाग लागतो का, हे आम्ही स्पष्ट विचारतो. संकोच करू नका. स्नायू आधीच कमकुवत असेल तर खालच्या जोडानंतर दिवसातून अनेकदा, घाईने धावावं लागतं, आणि काहींना त्यापेक्षा पिशवी बरी वाटते.

बायॉप्सीवर एमएमआर चाचणी (पेशींतली डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का ते पाहणारी) झाली नसेल तर ती आजच करायला सांगा. ही यंत्रणा सदोष निघाली तर इम्युनोथेरपीने गाठ पूर्ण जाऊन शस्त्रक्रिया टळण्याची शक्यता असते, आणि तसं असेल तर आम्हीच ती टाळा म्हणू.

येताना बायॉप्सीच्या स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉकही आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नावं लिहून आणा, पण आपल्या मनाने बंद करू नका. पहिल्या भेटीत आम्ही पुन्हा बोटाने आणि सरळ नळीने तपासतो. आधी झालेलं असलं तरी खालच्या टोकाचं अंतर आम्ही स्वतःच मोजून घेतो.